आधी जाऊबाईंशी बोला, मग अर्ज भरा

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

"मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. घरी ब्लाउज शिवते, त्यातूनच मी कापडी पिशव्या शिवायला लागले आणि त्या चांगल्या खपायला लागल्या. गेल्या वर्षी जाऊबाईंनी चाळीस हजार रुपये घालून दुसरं मशीन घेतलं, आता त्याही शिवतात. एका मोठ्या दुकानाने लग्नसराईसाठी दीड हजार पिशव्यांची ऑर्डर द्यायचं कबूल केलंय, पण त्यांचे हिशेबनीस म्हणतात, जीएसटी नंबर आणा. गावातला एक एजंट अठरा हजारांत 'सगळी रजिस्ट्रेशनं' करून देतो म्हणतो: गुमास्ता, उद्यम, जीएसटी, ट्रेडमार्क, आयएसओ. मिस्टर म्हणतात, एवढ्याशा कामाला सरकारी कागद कशाला, टॅक्सवाले मागे लागतील. त्यात माझं पॅन कार्ड माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. बेळगावच्या एका बाईंनीही फोटो बघून पन्नास पिशव्या मागवल्यात. मी सुरुवात कुठून करू?"

ताई,

घरच्या दोन मशीनवर दीड हजार पिशव्यांची ऑर्डर मिळवलीत, त्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. आता एजंटला "विचार करून सांगते" एवढंच कळवा आणि ते अठरा हजार रुपये कापडासाठी राहू द्या. तुमच्या पत्रात पाच नोंदण्यांची नावं आहेत: गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद, उद्यम म्हणजे लहान उद्योगाची, जीएसटी म्हणजे विक्रीवरच्या कराची, ट्रेडमार्क म्हणजे धंद्याच्या नावाच्या हक्काची आणि आयएसओ म्हणजे गुणवत्तेचं प्रमाणपत्र. त्या सगळ्यांच्या आधी येणारा एक प्रश्न मात्र तुम्हाला कुणीच विचारलेला दिसत नाही: हा धंदा कुणाचा आहे?

कुठल्याही सरकारी अर्जात संस्थेचा प्रकार निवडायचा रकाना सुरुवातीलाच येतो. एजंट तिथे 'प्रोप्रायटरशिप', म्हणजे एकटीच्या मालकीचा धंदा, निवडेल, तुमचं आधार आणि पॅन घालेल आणि पुढे जाईल, कारण त्याला तेच सोपं पडतं. त्या क्षणी कागदावरून जाऊबाई नाहीशा होतील. त्यांचे चाळीस हजार मग कशात जमा? ते भांडवल होतं, उसने होते, की घरातल्या घरात केलेली मदत? आज दोघींचं छान जमतं म्हणून हे विचारायला अवघड वाटत असेल. पण ऑर्डरचे पैसे हातात पडल्यावर हाच प्रश्न विचारायचा झाला, तर तो दसपट अवघड होतो. घरातल्या भागीदाऱ्या बहुतेक वेळा तोट्यावरून नाही, नफ्याच्या पहिल्या वाटणीवरून तुटतात.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला, धंदा तुमच्या एकटीच्या नावावर. यात धंद्याला वेगळं पॅन लागत नाही, तुमचंच चालतं, आणि नफा तुमचं उत्पन्न म्हणून मोजला जातो. जाऊबाईंचे चाळीस हजार उसने म्हणून कागदावर लिहायचे, परतफेड कशी करणार तेही लिहायचं आणि त्यांना नगामागे शिलाई द्यायची. दुसरा रस्ता भागीदारी संस्थेचा. त्यासाठी स्टॅम्प पेपरवर भागीदारी करारनामा होतो, संस्थेला स्वतःचं पॅन मिळतं, बँकेचं खातं संस्थेच्या नावावर उघडतं. भागीदारी संस्था निबंधकाकडे नोंद करणं कायद्याने सक्तीचं नाही, पण १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंद नसलेल्या संस्थेला करारापोटी अडकलेले पैसे वसूल करायला दिवाणी दावा लावता येत नाही. म्हणून भागीदारी केलीत तर नोंदही कराच.

भागीदारीच्या दोन गोष्टी एजंट सांगणार नाही. एक, भागीदाराने संस्थेच्या नावावर केलेल्या देण्याला दुसरी भागीदारही पूर्णपणे बांधील असते, अर्ध्यापुरती नाही. दोन, एकट्या माणसाला उत्पन्नाच्या टप्प्यांप्रमाणे कर लागतो आणि कमी उत्पन्नाला लागतही नाही, पण भागीदारी संस्थेच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर असतो. भागीदारांना दिलेला मोबदला ठरावीक मर्यादेत त्यातून वजा होतो, पण तो मोबदला करारनाम्यात लिहिलेला असेल तरच. बाजारात मिळणाऱ्या छापील करारनाम्यात नेमकं हेच कलम मोघम असतं, तेव्हा हा कागद सीएकडूनच करून घ्या.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात कापड, गिऱ्हाईक, ऑर्डर सगळीकडे 'मी' आहे, जाऊबाई एका वाक्यात येऊन जातात. त्यामुळे माझा कल पहिल्या रस्त्याकडे आहे: धंदा तुमच्या नावावर, उसन्याचा कागद आणि नगामागे चोख शिलाई. पण ठरवण्याआधी जाऊबाईंना एक प्रश्न सरळ विचारा. दुकानाने पाचशे पिशव्या परत पाठवल्या तर अर्धं नुकसान तुम्ही सोसाल का? "हो, आणि नफाही अर्धा घेईन" असं त्या म्हणाल्या, तर त्या भागीदार आहेत आणि कागदावरही तसंच दिसलं पाहिजे. हे आत्ताच ठरवायचं कारण असं, की एकटीच्या नावावरून पुढे भागीदारीत जायचं म्हटलं तर पॅन बदलतं, आणि पॅन बदललं की उद्यम, जीएसटी, बँक खातं सगळं नव्याने करावं लागतं.

आता तुमच्या नावाची अडचण. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण अर्ज सगळ्यात आधी तिथेच अडकेल. उद्यमच्या अर्जात आधीचं पान आधारचं आणि पुढचं पॅनचं. आधारवर पाटील आणि पॅनवर शिंदे असेल, किंवा एकीकडे मधलं नाव वडिलांचं आणि दुसरीकडे नवऱ्याचं असेल, तर पडताळणी पुढे सरकत नाही. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय असल्यामुळे नावांचा क्रमही उलटसुलट झालेला असतो. पॅनवरचं नाव सासरचं करून घ्या. लग्नाचा दाखला त्यासाठी पुरतो. पॅनचा क्रमांक बदलत नाही, फक्त नाव बदलतं, त्यामुळे जुनं काही बिघडत नाही. आधारला जोडलेला मोबाइल तुमच्या हातात आहे ना तेही बघा. पुष्कळ घरांत बायकोच्या आधारला नवऱ्याचा किंवा बंद पडलेला नंबर असतो, आणि प्रत्येक अर्जाचा ओटीपी त्यावर जातो. पॅन आणि आधार एकमेकांना जोडलेलं नसेल तर तेही करून टाका. या दुरुस्तीला दिवस लागतात, म्हणून जाऊबाईंशी बोलणं होईपर्यंत हे काम सुरू करून द्या.

नावं जुळली की पहिली नोंदणी उद्यमची. केंद्र सरकारने ती १ जुलै २०२० पासून सुरू केली. तिला शुल्क नाही, कागद अपलोड करायचे नाहीत, दरवर्षी नूतनीकरण नाही. एजंटच्या अठरा हजारांत यासाठी किती धरलेत, एवढं त्याला विचाराच. संकेतस्थळाचा पत्ता gov.in ने संपतो आहे ना, ते अक्षर अक्षर बघा. शोध घेतला की अशोकचिन्हासारखं काहीतरी आणि तिरंगी पट्टी लावलेली खासगी पानं वर येतात आणि शेवटी 'शुल्क' मागतात. खऱ्या नोंदणीत पैसे भरायचं पानच येत नाही.

या अर्जात एका रकान्याशी थांबा. धंद्याचं स्वरूप उत्पादन, सेवा की व्यापार, असं विचारतात. तुम्ही कापड आणून पिशवी बनवता, म्हणजे उत्पादन. घाईत 'व्यापार' निवडलं गेलं तर प्रमाणपत्र मिळतं, ते खरंही असतं, पण त्याचा सगळ्यात मोठा उपयोग निघून जातो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं, आणि तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं गेलं ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. हे संरक्षण त्यांना नाही. एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आहे, की अशा उद्योगाचं मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेलं देणं खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. दुकानाच्या हिशेबनिसांना हे पक्कं माहीत असणार. नोंदणीच्या आधी दिलेल्या मालाबद्दल न्यायालयांत वाद होत आले आहेत, त्यामुळे ऑर्डरचा पहिला गठ्ठा घरातून निघायच्या आधी उद्यम क्रमांक हातात असू द्या. माल पोचल्याची तारीख घालून सहीही घ्या, कारण दिवस तिथून मोजले जातात.

गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्ट, त्याचं काम लहान आहे. महाराष्ट्रात २०१७ चा नवा दुकाने व आस्थापना कायदा आल्यापासून मोजके कामगार असलेल्या आस्थापनेला परवाना काढावा लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच घ्यायची. मुंबईत हे काम महापालिका बघते, तुमच्याकडे कामगार विभाग. पाटी मराठीत, देवनागरी अक्षरांत हवी आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं त्याहून मोठी नकोत. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि वीजबिल जवळ ठेवा; पुढे जीएसटी काढलात तर तिथेही तेच लागेल. ही पोच म्हणजे जागा धंद्यासाठी मंजूर झाल्याचा दाखला नाही, एवढं लक्षात असू द्या. उद्यम आणि ही पोच असे दोन कागद झाले की धंद्याच्या नावाने चालू खातं उघडायला बँक अडवत नाही. ते खातं उघडाच. पिशव्यांचे पैसे आणि घरखर्च एकाच बचत खात्यात राहिले, तर जाऊबाईंचा हिशेब तुम्हालाच लागायचा नाही.

आता जीएसटी. इथे थोडं सावकाश जाऊ या, कारण तुम्हाला घाई लावली जातेय ती याच्यासाठी.

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण तुम्ही ब्लाउजही शिवता. गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडाची शिलाई ही जीएसटीच्या हिशेबात सेवा आहे, आणि मालाबरोबर सेवाही देणाऱ्याची मर्यादा २० लाखांची. दोन्हींची रक्कम एकाच पॅनवर एकत्र मोजली जाते. दीड हजार पिशव्या आणि वर्षभराचे ब्लाउज धरूनही तुम्ही त्या मर्यादेच्या खूप खाली असाल, असं मला वाटतं. तरी वहीत एकदा बेरीज करून बघा.

मग हिशेबनीस नंबर का मागतात? नंबर नसलेल्याकडून माल घ्यायला दुकानाला कायद्याने बंदी नाही. तुमच्या बिलावर जीएसटी नसला की दुकानाला त्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर दिलेला कर स्वतःच्या विक्रीवरच्या करातून वळता करता येत नाही, एवढंच कारण आहे. तुम्ही त्यांना सांगू शकता की बिलात कर लावलेलाच नाही, तेव्हा वजावट बुडायचा प्रश्न येत नाही; माझा दर आणि नंबरवाल्या पुरवठादाराचा करासकट दर शेजारी ठेवून बघा. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर काम होतं. काही दुकानांचा नियमच असतो, तिथे इलाज नाही. मग ही एक ऑर्डर आहे की दरवर्षी येणारं काम आहे, ते विचारून घ्या आणि त्यावर ठरवा.

स्वखुशीने नंबर घेता येतो, त्यालाही सरकारी शुल्क नाही. खर्च पुढे आहे. नंबर घेतल्यापासून प्रत्येक विक्रीवर कर लावायचा, ब्लाउजच्या शिलाईवरसुद्धा, आणि विवरणपत्र ठरलेल्या तारखेला भरायचं. एकही पिशवी विकली नाही त्या काळातलंही शून्याचं विवरणपत्र भरावं लागतं. ते चुकलं तर विलंब शुल्क दिवसागणिक चढतं. नंबर काढून देणारा एजंट त्यानंतर फोन उचलेलच असं नाही, आणि सहा महिन्यांनी नोटीस मात्र तुमच्या नावाने येते. शेजारपाजारच्या ज्या बायका आज तुमच्याकडे ब्लाउज टाकतात, त्यांना शिलाईवर कर सांगितलात तर त्या दुसरीकडे जातील, हाही हिशेब धरा. 'कंपोझिशन' नावाची सोपी योजना आहे, ती एजंट सुचवेल. ती या कामाला उपयोगाची नाही: त्यात गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, म्हणून दुकानाला वजावट तशीही मिळणार नाही आणि हिशेबनिसांचं म्हणणं जिथल्या तिथे राहील.

बेळगावच्या पन्नास पिशव्या तुम्हाला किरकोळ वाटल्या असतील, पण नियमाच्या दृष्टीने त्या दीड हजारांपेक्षा नाजूक आहेत. बेळगाव कर्नाटकात. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढालीची मर्यादा लागू होत नाही, पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे. तुमच्या पिशव्या त्या यादीत बसतात का, ते कापड आणि त्यावरचं काम बघून सीए सांगेल. तोवर त्या बाईंना थोडं थांबायला सांगा. आंतरराज्य विक्रीची मागणी खरोखर वाढत असेल, तर जीएसटी घ्यायला ते दुकानाच्या आग्रहापेक्षा जास्त चांगलं कारण आहे.

मिस्टरांची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या कागदाला चिकटली आहे. आयकर उत्पन्नावर लागतो, नोंदणीवर नाही. उद्यम काढलं म्हणून कर सुरू होत नाही आणि न काढल्यामुळे टळतही नाही. दुकान तुम्हाला पैसे बँकेतूनच देणार, म्हणजे नोंद तशीही होणार. महाराष्ट्रात धंदा करणाऱ्याला व्यवसायकराची नोंद वेगळी असते, ती वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपयांची बाब आहे. ती हमखास विसरली जाते, सीएला आठवणीने विचारा.

ट्रेडमार्क आत्ता नको. पण नाव ठरवताना ते दुसऱ्या कुणाचं नोंदलेलं तर नाही ना, हे ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं, तेवढं जरूर करा. उद्यम किंवा गुमास्त्यात नाव लिहिलं म्हणजे त्या नावावर हक्क मिळतो, हा गैरसमज आहे. पुढे पिशवीवर तुमचं नाव बघून गिऱ्हाईक यायला लागलं की ट्रेडमार्क काढा. आयएसओ यादीतून काढूनच टाका. तुमच्याकडे ते कुणी मागितलेलं नाही.

आणखी मशीनं घेण्यासाठी अनुदानाचं कर्ज काढायचं मनात असेल, तर काही खरेदी करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन या. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजना नव्याने उभ्या राहणाऱ्या उद्योगासाठी असतात. आधी सुरू झालेल्या धंद्याला तिथे नकार मिळू शकतो, तेव्हा तुमचं काम कधीपासून चालू आहे ते तिथे खरं सांगूनच विचारा.

पैसे कुठे द्यायचे ते सांगते. सीएला एकदा भेटायचे द्या: भागीदारी ठरली तर करारनामा, नाहीतर जीएसटी घ्यायचा की नाही आणि बेळगावचं काय, एवढ्यासाठी. उद्यम आणि गुमास्ता तुम्ही आणि तुमच्या घरातलं मोबाइल हाताळणारं कुणीही मिळून करू शकता. प्रमाणपत्र मिळाल्यावर "तुमचं उद्यम पक्कं करायला इतके पैसे भरा" असे फोन येतील, त्यांना ओटीपी सांगू नका.

दुकानाला पहिलं बिल देताना वर धंद्याचं नाव, त्याखाली तुमचं नाव आणि पत्ता, उद्यम क्रमांक, बिलाचा अनुक्रमांक, तारीख, नगांची संख्या, दर आणि चालू खात्याचा क्रमांक लिहा. जीएसटीचा रकाना ठेवूच नका. नोंदणी नसताना कर लावायला कायद्याने मनाई आहे. पैसे किती दिवसांत द्यायचे, ते ऑर्डरच्या कागदावरच त्यांच्याकडून लिहून घ्या. जाऊबाईंशी काय ठरलं ते कळवलंत तर करारनाम्यात किंवा उसन्याच्या कागदात काय असावं, ते पुढच्या वेळी सविस्तर लिहीन.